चित्र काढतंय कोण?

भाची : मामा, हे कशाला खोललंत? दुसऱ्या पिढीचा आय-थ्री आहे, 2011 सालचा. गुरुजींना सांगून टाका, नवीन घ्या म्हणावं.

मामा : सांगीन की. आधी त्याला झालंय काय ते तर बघू.

भाची : झालंय काय म्हणजे? म्हातारं झालंय. पान खाली सरकवलं की अक्षरं तुटत येतात, व्हिडिओ अडखळतो, जमिनीचा नकाशा ओढला की निम्मा पांढरा. आणखी काय बघायचं राहिलं?

मामा : चित्र काढतंय कोण, ते.

मामांचं दुकान साताऱ्यात, पोवई नाक्याच्या अलीकडच्या एका बोळात. गिऱ्हाईकंही त्यांना मामाच म्हणतात. भाची मात्र सख्खी. सांगलीत विश्रामबागेत एका लहानशा कंपनीत ती संकेतस्थळं बनवते. टेबलावर उघडा पडलेला संगणक रहिमतपूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा. त्यांचा दिवसाचा कार्यक्रम ठरलेला: सकाळी ई-पेपर, दुपारी यूट्यूबवर कीर्तन किंवा जुनी नाट्यगीतं, आणि अधूनमधून सातबारा काढून आपलं नाव अजून त्यावर आहे ना याची खात्री. मी माझ्या प्रिंटरसाठी बाकावर बसलो होतो. मामा-भाचीचा वाद ऐकण्यासारखा निघाला, म्हणून उतरवून काढतो आहे. मधे मधे माझंही नाक खुपसलेलं दिसेल.

भाची : चित्र काढतंय कोण म्हणजे? ब्राऊझर.

मामा : ब्राऊझर सांगतो, काढतं दुसरंच कुणीतरी. अक्षरं, फोटो, त्यांच्या सावल्या, सगळं रंगवून पडद्यावर मांडायचं, तेसुद्धा सेकंदाला साठ वेळा. एका चित्राला जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसर म्हणजे साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी. हुशार, पण एकटा. ग्राफिक्स चिप म्हणजे ऊसतोडीची टोळी. काम साधंच, पण एका वेळी शंभर कोयते चालतात. पडद्यावरचे लाखो ठिपके भरणं हे टोळीचं काम. टोळी फडात उतरलीच नसेल तर कोयता साहेबाच्या हातात जातो. मग ऊसही तुटत नाही आणि वह्याही तशाच राहतात.

भाची : मान्य. पण या मशीनमध्ये टोळीच मुळात किती माणसांची? इंटेलची एचडी 2000. तेव्हाही ती कुणी नावाजली नव्हती.

मामा : लहान का असेना, कामावर आहे का ते विचारतोय मी. बघ तूच.

बघण्याची रीत सोपी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत, म्हणून सांगून ठेवतो. क्रोममध्ये पत्ता लिहितो त्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत क्रोम, मग अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा आणि जीपीयू ही तीन अक्षरं लिहायची. जे पान उघडतं त्याच्या माथ्यावरच यादी असते: कॅनव्हास, कंपोझिटिंग, रास्टरायझेशन, व्हिडिओ डिकोड, वेबजीएल. ज्या ओळीपुढे ‘हार्डवेअर ॲक्सलरेटेड’ असेल ते काम ग्राफिक्स चिपकडे आहे. ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ असेल तर ते प्रोसेसरच्या माथी मारलेलं आहे. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट सपोर्ट’चं पान उघडून ग्राफिक्सच्या भागात कंपोझिटिंगसमोर काय लिहिलंय ते वाचायचं. नुसतं ‘वेबरेंडर’ असेल तर ठीक. त्यापुढे ‘सॉफ्टवेअर’ असं शेपूट असेल तर दुखणं सापडलं.

गुरुजींच्या यादीत ओळीमागून ओळ ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ निघाली.

भाची : म्हणजे चिप मेली.

मामा : घाई बघा हिची! डिव्हाइस मॅनेजर उघड. डिस्प्ले ॲडॉप्टर्स. काय नाव आहे?

भाची : ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’. अरेच्चा, ड्रायव्हरच नाही.

मामा : कुणीतरी विंडोज 10 नव्यानं टाकून दिलं आणि मशीन सुरू झालं तसं उठून गेलं. चिप जागेवर आहे, पण तिची भाषा कुणाला येत नाही. विंडोज काय करतं, चित्र दिसण्यापुरता स्वतःचा कामचलाऊ ड्रायव्हर लावतं. गुरुजी बिचारे वर्षभर म्हणत होते, फोटोतले नातवंडांचे चेहरे फुगल्यासारखे दिसतात.

हे मात्र माझ्याही ध्यानात आलं असतं. पडदा रुंद, आणि चित्र जुन्या चौकोनी मापाचं ताणून बसवलेलं. वर्तुळ अंड्यासारखं दिसत होतं. ब्राऊझर हळू चालतो ही तक्रार सगळे करतात. आकार बिघडलाय हे कुणी बोलत नाही, आणि निदानाला खरी उपयोगी खूण तीच असते.

विंडोज अपडेटमध्ये ऐच्छिक अपडेटांच्या यादीत इंटेलचा ड्रायव्हर सापडला. तो उतरला, मशीन बंद होऊन चालू झालं, वर्तुळ पुन्हा वर्तुळ झालं. यादीतल्या बहुतेक ओळी बदलल्या. ई-पेपरचं पान बऱ्यापैकी सरळ सरकायला लागलं. भाची थोडा वेळ गप्प होती. पण सांगलीची माणसं गप्प बसून हरत नाहीत.

भाची : बरं, आता यूट्यूब लावा. बघा, अजून अडखळतंय. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. आता कुठं गेली टोळी?

मामा : ही वेगळी गोष्ट. सांग तूच, तुला ठाऊक आहे.

भाची : ठाऊक आहेच. या चिपला एच.264 या बांधणीतला व्हिडिओ स्वतः उलगडता येतो. यूट्यूब पाठवतं व्हीपी9, नाहीतर एव्ही1. व्हीपी9 पूर्णपणे चिपमध्ये उलगडायचं इंटेलनं सातव्या पिढीपासून धरलं, एव्ही1 अकराव्या पिढीपासून. म्हणजे हिला ती भाषा कधीच येणार नाही. जो व्हिडिओ येईल तो प्रोसेसरनंच सोडवायचा. हेच म्हणत होते मी, जग पुढं गेलंय.

मामा : जग पुढं गेलंय, पण मागचा रस्ता बुजवलेला नाही. ब्राऊझरला एक छोटं एक्स्टेन्शन जोडायचं. ते यूट्यूबला सांगतं की आमच्याकडे व्हीपी9 चालत नाही, एच.264च द्या. बहुतेक व्हिडिओ त्या बांधणीतही ठेवलेले असतात. कीर्तन ऐकायला फोर-के लागतं का?

भाची : नाही लागत. पण हे गुरुजींना कोण सांगणार? त्यांच्या गावात तुम्ही नाही. व्हॉट्सॲपवर तर एकच नुस्खा फिरतो: सेटिंगमध्ये जा आणि हार्डवेअर ॲक्सलरेशन बंद करा.

मामा : त्या नुस्ख्यानं माझं निम्मं दुकान चालतंय. तो कधी लागू पडतो? ड्रायव्हर आहे पण सदोष आहे, पानावर काळे चौकोन उमटतात, पडदा लुकलुकतो, टॅब मरतो, तेव्हा. तिथं बंदच करावं. पण जिथं काम आधीच प्रोसेसरवर पडलंय, तिथं बंद करून काय बंद करणार? आणि जिथं चिप नीट चालतेय तिथं बंद केलं, तर आपल्या हातानं आजार आणला. उलटही नुस्खा आहे. क्रोमच्या फ्लॅग्जमध्ये ‘ओव्हरराइड सॉफ्टवेअर रेंडरिंग लिस्ट’. ब्राऊझरकडे सदोष चिपांची आणि ड्रायव्हरांची यादी असते. त्यात नाव असलं की तो त्या चिपला काम देत नाही. हा फ्लॅग म्हणजे ती यादी बघूच नको असं सांगणं. कधी चालून जातं, कधी अख्खं मशीन गोठतं. यादीत नाव उगाच घातलेलं नसतं.

इथं माझं मत मामांच्या बाजूला झुकलं, हे कबूल करायला हरकत नाही. जुन्या यंत्राबद्दल आपण सल्ले फार देतो आणि बघतो फार कमी. पण भाचीचा पुढचा मुद्दा असा होता की मामांनाही पेचकस खाली ठेवावा लागला.

भाची : वेगाचं सोडा. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11 साठी इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, टीपीएम 2.0 लागतं. हे मशीन त्या दारात उभंसुद्धा राहणार नाही. विंडोज 7 चं काय झालं आठवतंय ना? 2020 च्या जानेवारीत आधार संपला, 2023 च्या सुरुवातीला क्रोमनं 109 व्या आवृत्तीवर गाडी थांबवली. उद्या 10 चंही तेच होणार. तुम्ही चित्र सरळ करून देताय, आणि त्या सरळ चित्रात गुरुजी बँकेचा पासवर्ड टाकणार. हळू मशीन निदान कंटाळा तरी आणत होतं.

मामा : हे बरोबर आहे तुझं.

भाची : मग?

मामा : मग लिनक्स. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली की चार जीबीत निभतं. आणि गंमत सांगतो. जुन्या इंटेल चिपांसाठी 2021 मध्ये मेसा या खुल्या ग्राफिक्स प्रकल्पाच्या मंडळींनी ‘क्रोकस’ नावाचा नवा ड्रायव्हर आणला. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांच्या चिपांसाठी! ज्या कंपनीनं चिप विकली तिनं विंडोजसाठीचं काम कधीच थांबवलं, आणि इथं कुणीतरी बसून तिच्यासाठी नवीन लिहितंय.

भाची : ते कौतुक मलाही आहे. पण गुरुजी लिनक्स चालवतील? प्रिंटरचं काय? तालुक्याला दिलेली फाइल वर्डमध्येच उघडली पाहिजे, त्याचं काय? आणि अडलं की रहिमतपुरात विचारणार कुणाला? दुरुस्तीवाला एकटा असेल तर ती दुरुस्ती नाही, तुमच्यावरचं अवलंबन आहे.

मामांनी याला उत्तर दिलं नाही. मला वाटतं, या प्रश्नाला दुकानात बसून उत्तर नाहीच.

भाचीनं मग वारणेचा विषय काढला. आमच्या भागात संगणक म्हटलं की तो कधी ना कधी निघतोच. 1998 मध्ये वारणानगरच्या सहकारी परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या 70 गावांसाठी. गावागावात केंद्रं, केंद्रात संगणक. शेतकऱ्याला बाजारभाव कळेल, शेतीचा सल्ला मिळेल, पोरांना शिक्षण मिळेल अशी मोठी स्वप्नं त्यात होती. प्रत्यक्षात केंद्रावरची मुख्य वर्दळ राहिली ती उसाच्याच कामाची: नोंद, तोडणी, वजनाच्या पावत्या. मग मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन विभागानं सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकावरची ती सगळी कामं साध्या मोबाइलच्या एसएमएसवर आणून दाखवली. 2007 मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. शेतकऱ्यांना ते जास्त सोयीचं वाटलं.

भाची : कॉलेजात आम्हाला हे शिकवलं होतं. बघा, तेव्हा ते संगणक जपत बसले असते तर? यंत्र बदललं म्हणून काम सुटसुटीत झालं. जुनं टाकून देण्यात पाप नाही, मामा.

मामा : तू चुकीच्या टोकानं धरतेस. काम सुटसुटीत कशानं झालं? वजन किती, पावती कुठली, एवढाच मजकूर पाठवायचा होता, म्हणून. तो एसएमएसमध्ये मावला. म्हणजे अडचण यंत्र जुनं असण्याची नव्हती, कामाच्या मानानं पसारा मोठा असण्याची होती. गुरुजींना काय पाहिजे? सातबाऱ्याचं एक पान. ते या मशीनवर आजही पटकन उघडतं, कारण ते नुसतं अक्षरांचं आहे. आणि तू केलेलं ते शिक्षणसंस्थेचं संकेतस्थळ उघड बरं इथं. सुट्ट्यांची यादी बघायची आहे म्हणावं.

त्या संस्थेचं नाव इथं लिहीत नाही. पान उघडलं. माथ्यावर मागचा मजकूर धूसर दाखवणारी काचेसारखी पट्टी, तिच्याखाली आपोआप सरकणारी छायाचित्रं, कोपऱ्यात सतत लकलकणारं ‘प्रवेश सुरू’. सुट्ट्यांची यादी कुठंतरी तळाशी. पान सरकवायला गेलो तर पुन्हा तुटायला लागलं. ड्रायव्हर होता, टोळी कामावर होती, तरीही.

मामा : आता कुणाचं म्हातारपण?

भाची : थांबा. मला बघू द्या.

पुढची काही मिनिटं या लेखातली सर्वांत शांत, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. भाचीनं ब्राऊझरची तपासणीची खिडकी उघडली आणि आपलंच पान परक्याचं असल्यासारखं वाचायला घेतलं. आधी छायाचित्रं. स्नेहसंमेलनाचे फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले, 4000 बाय 3000 ठिपक्यांचे. पडद्यावर दिसताना ते तळहाताएवढे. फाइल दाबून लहान केलेली असते, पण दाखवायच्या आधी ती पूर्ण उलगडावी लागते. एका ठिपक्याला चार बाइट धरले तर एका फोटोला 48 एमबी. असे दहा फोटो फिरत्या पट्टीत, म्हणजे जवळपास अर्धा जीबी तिथंच भरला. एचडी 2000 सारख्या चिपला स्वतःची मेमरी नसते. ती संगणकाच्याच रॅममधून घेते. चार जीबीत विंडोज, ब्राऊझर आणि हे संमेलन, तिघांनी राहायचं.

मग ती काचेची पट्टी. मागचा मजकूर धूसर करायला एका सीएसएसच्या ओळीचं काम. पण पान हलेल तसा मागचा मजकूर बदलतो, आणि प्रत्येक चित्रासाठी धूसरपणा नव्यानं काढावा लागतो. लकलकणारी अक्षरं तर ‘लेफ्ट’ बदलून हलवलेली. तसं केलं की ब्राऊझरला प्रत्येक वेळी मांडणीचा हिशेब पुन्हा करावा लागतो. तीच हालचाल ‘ट्रान्सफॉर्म’नं केली तर मांडणीला हात न लावता ग्राफिक्स चिप परस्पर करून टाकते.

भाचीनं धूसर पट्टीच्या ओळीसमोरची खूण काढली. पान सरकलं. मऊ नाही, पण सरकलं.

भाची : हे मला माहीत होतं, मामा. माहीत नव्हतं असं नाही. पण मी तपासते कुठं? माझ्या लॅपटॉपवर. तो गेल्या वर्षीचा. त्यावर सगळंच पळतं. आणि संस्थेच्या मंडळींना फिरती पट्टी पाहिजेच असते. अध्यक्षांचा फोटो, मग सचिवांचा. त्यांना सांगायला गेलं तर म्हणतात, शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजाला आहे, आपल्याला का नको?

मामा : मी एक मशीन नीट करतो, एका माणसाचं भागतं. तू एक ओळ काढलीस तर असली किती मशीनं नीट होतील?

भाची : मशीनंच कशाला, फोनही. स्वस्तातला चार वर्षांचा फोन म्हणजे खिशातला जुना संगणकच. पालक ते संकेतस्थळ बघतात ते त्याच्यावर. हे जास्त बोचतंय मला.

मामा : मग माझ्या बाजूनं झालीस की.

भाची : मुळीच नाही. पान मी दुरुस्त करीन, ते माझं काम. पण म्हणून हे मशीन बँकेच्या कामाचं ठरत नाही. आणि तुम्ही एक विसरलात. टॅब बदलताना करकर आवाज येतोय, तो ग्राफिक्सचा नाही. रॅम पुरत नाही म्हणून हार्ड डिस्क घासतेय. ड्रायव्हर कितीही चांगला टाका, हे राहणारच.

मामा : विसरलो नाही, राखून ठेवलं होतं. एसएसडी टाकायची. आणि रॅमची ही एकच कांडी आहे, दुसरा खाचा रिकामा. जोडीची कांडी बसवली की मेमरीचा रस्ता दुपदरी होतो. वेगळं कार्ड नसलेल्या ग्राफिक्सला त्याचा फायदा होतोच. डीडीआर3 जुन्या बाजारात मिळते. आणि हा पंखा बघ, आत किती धूळ. उष्णता बाहेर पडली नाही की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. पेस्ट बदलायचीय.

भाची : एसएसडी, रॅम, पेस्ट, तुमची मजुरी. जरा जास्त घातले की वापरलेला आठव्या पिढीचा छोटा संगणक मिळतो. कार्यालयांतून निघालेले येतात ना कोल्हापूरच्या बाजारात. त्यावर विंडोज 11 बसतं, व्हीपी9 ही चालतं, एक्स्टेन्शनची भानगड नाही.

मामा : तोही जुनाच!

भाची : जुनाच. मी नवाच घ्या असं कधी म्हटलं?

मामा : आल्याआल्या म्हणालीस.

भाची : तेव्हा ड्रायव्हर कुठं बघितला होता मी?

हिशेब दोघांनी कागदावर मांडला. मामांचा आकडा कमी, भाचीचा थोडा जास्त पण पुढची काही वर्षं मोकळी. मला विचाराल तर बँक आणि पेन्शनची कामं असतील तर भाचीचा आकडा, नुसतं कीर्तन आणि ई-पेपर असेल तर मामांचा. गुरुजींना दोन्ही पाहिजे, ही खरी अडचण. शेवटी मामांनी रहिमतपूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दोन्ही बाजू सांगितल्या, आणि सांगताना भाचीचीही बऱ्यापैकी प्रामाणिकपणे सांगितली.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “बँकेचं काम मी फोनवरच करतो. या यंत्रावर पासवर्ड टाकायची मला मुलानं मनाईच केलीय. नातवंडांचे चेहरे नीट झाले का?”

मामा म्हणाले, झाले.

“मग रॅम तेवढी टाका. बाकीचं दिवाळीनंतर.”

भाचीनं लॅपटॉप काढला आणि स्नेहसंमेलनाचे फोटो लहान करायला घेतले. फिरत्या पट्टीला अजून हात लावला नव्हता. त्यासाठी सचिवांना विचारावं लागेल, म्हणाली.